सिंगल हँड, कमी पळालेली

अभिनंदन. हे वाचायला घेतलंत त्याअर्थी जुनी, मोठी, आलिशान गाडी घ्यायचं तुमचं ठरलेलं आहे. तुम्हाला सल्ला नकोय, दुजोरा हवाय. तो इथे मिळेल. घरी मिळणार नाही, तेव्हा इथेच पोटभर घेऊन ठेवा.

सोयीसाठी आपण एकच गाडी समोर धरू: मर्सिडीजची १२४. जुन्या गाड्या पुष्कळ आहेत, पण नवशिक्याला बुडवायला हिच्याइतकी सभ्य गाडी दुसरी नाही. १९८४ च्या अखेरीस ती जर्मनीत आली. ब्रूनो साक्को यांच्या देखरेखीखाली तिचं रूप ठरलं. जगभरात पंचवीस लाखांहून जास्त विकली गेली. मर्सिडीजनं १९९४ मध्ये टेल्कोबरोबर भागीदारी करून भारतात पाऊल ठेवलं आणि १९९५ पासून पुण्यात, टेल्कोच्या आवारात हीच गाडी जोडली जाऊ लागली. पेट्रोलची ई २२० आणि डिझेलची ई २५०. त्याच वर्षी जर्मनीत हिची पुढची पिढी बाजारात आली होती. तिकडचं उतरलेलं मॉडेल आपल्या गळ्यात मारलं, अशी कुरकुर तेव्हाच झाली. आज तेच उतरलेलं मॉडेल शोधत तुम्ही हिंडता आहात. काळ असा सूड घेतो.

म्हणजे ही गाडी तशी पुण्याचीच. पुण्यातल्या पुष्कळ सभ्य गोष्टींप्रमाणे तीही एखाद्या बंगल्याच्या मागच्या अंगाला, ताडपत्रीखाली, ‘सहज बाहेर काढत नाही हो आम्ही’ या अवस्थेत सापडते.

आता जाहिरात वाचायला शिका. ‘सिंगल हँड’ म्हणजे एकाच माणसानं हयगय केली आहे. निदान जबाबदारी वाटली गेलेली नाही. ‘डॉक्टरांची गाडी’ म्हणजे दवाखाना घरापासून अर्ध्या किलोमीटरवर होता आणि इंजिन आयुष्यात कधी धड तापलं नाही. ‘किरकोळ काम आहे’ यातलं किरकोळ काम विकणाऱ्यानं स्वतः का केलं नाही, हा प्रश्न मनात येईल. येऊ द्या, पण विचारू नका. उत्तर त्यालाही माहीत नसतं.

आणि मग ते सर्वांत गोड वाक्य: एसीला फक्त गॅस भरायचा आहे. हे म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला कुणीतरी तसं सांगितलेलं असतं, आणि सांगणाऱ्यानं एसी उघडून पाहिलेला नसतो. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. एसी वर्षानुवर्षं लावलाच नाही की कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडतं आणि तिथून तो जातो. ही बरी बातमी. वाईट बातमी म्हणजे इव्हॅपोरेटर गळणं. १२४ मध्ये तो इतका आत बसवलाय की बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. डॅशबोर्ड उतरवल्यावर मागे जे दिसतं ते मालकानं पाहू नये. मिस्त्रीनंही पाहू नये असं आमचं मत आहे, पण त्याला इलाज नाही.

सगळ्यात मोठं आमिष मात्र आकड्यात असतं. ‘फक्त ३८,००० किलोमीटर.’ तीस वर्षांची गाडी, आणि पळाली एवढीच! तुमचे डोळे चमकतात. इथे दोन गोष्टी शांतपणे ऐकून घ्या. एक म्हणजे, या गाडीच्या मीटरमधली किलोमीटर मोजणारी चक्रं बारीक आणि नाजूक आहेत. ती घसरली की वेगाचा काटा झोकात फिरत राहतो आणि खालचे आकडे मात्र जागच्या जागी. गाडी विकणाऱ्या काकांनी मीटर मागे फिरवलेला नाही. मीटर २००४ सालीच दमून बसलाय आणि काकांनी त्याला त्रास दिलेला नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आकडा खरा असेल, तर तुम्ही जास्त घाबरायला हवं.

मर्सिडीजच्या श्टुटगार्टच्या संग्रहात १९७६ ची एक २४० डी आहे. ग्रेगोरिओस साचिनिदिस या ग्रीक टॅक्सीवाल्यानं ती थेसालोनिकीत चालवली, ४६ लाख किलोमीटर. शून्य मोजायला चुकलेलं नाही. ती टिकली कारण ती रोज पळत होती. तेल फिरत होतं, सील ओली होती, ब्रेक घासले जात होते, आणि बिघाड झाला की त्याच आठवड्यात दुरुस्त होत होता, कारण त्यावर घर चालत होतं. तुमच्या काकांच्या गाडीवर कुणाचंच घर चाललेलं नाही. ती नुसती उभी राहिली, आणि उभं राहणं हे मोटारीच्या बाबतीत सगळ्यात महागडं काम आहे. पळालेल्या गाडीचे झिजलेले भाग मोजता येतात. उभ्या गाडीचं सगळंच थोडंथोडं गेलेलं असतं, आणि जोपर्यंत तुम्ही ती चालवत नाही तोपर्यंत कळत नाही.

हे समजलं तरी तुम्ही ३८,००० वालीच घेणार. ठीक आहे. पुढे चला.

गाडी बघायला सकाळी जा, आणि कळवलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी जा. पोहोचल्यावर सहज बोलता बोलता बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी गाडी सुरू करून, धूर काढून, खोकला संपवून ठेवला आहे. गार बॉनेट हाच खरेपणाचा पुरावा. बरोबर रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक न्या आणि चाकांवरच्या कमानी, दारांच्या कडा, मागच्या काचेखालची पट्टी, सगळीकडून फिरवा. चिकटलं तर पत्रा आहे. सुटलं तर लांबी भरलेली आहे. हे करताना काकूंचं लक्ष दुसरीकडे हवं. पाहुणा आपल्या गाडीला चुंबक लावतोय हे दृश्य कुठल्याही घरात चांगलं दिसत नाही.

पायाखालची मॅट उचला आणि गालिचा हातानं दाबा. समोरच्या काचेखाली पाणी वाहून जायच्या वाटा असतात, आणि त्या बंगल्यातल्या बुचाच्या झाडाची पानं बसून बुजतात. मग चार महिन्यांचा पाऊस गाडीत उतरतो. ओलसर वास आला की काका म्हणतील, ‘बंद असते ना, म्हणून.’ तेही खरंच आहे.

मग टायर. काका अभिमानानं सांगतील की टायरसुद्धा ओरिजिनल आहेत, नक्षी बघा. नक्षी खरोखर नव्यासारखी असते. टायरच्या बाजूवर एक आकडा छापलेला असतो. २००० सालापासून तो चार अंकी आहे, पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तुमच्या समोरचा आकडा तीन अंकी आहे. म्हणजे टायर मागच्या शतकातला. त्याचं रबर आता लाकूड झालंय आणि एकाच जागी उभं राहून खालून चपटं झालंय. नवे घ्यावे लागतील. १९५/६५ आर १५ हे माप आजही सर्रास मिळतं. या सगळ्या प्रकरणात तुम्हाला सहज मिळणारी ही जवळजवळ एकमेव गोष्ट आहे, तेव्हा आनंद मानून घ्या.

डिझेलची गाडी असेल तर एक गंमत मुद्दाम पाहून घ्या. या इंजिनाला बंद करायला वीज लागत नाही, व्हॅक्यूम लागतो. किल्ली फिरवली की नळीतून पंपापर्यंत व्हॅक्यूम जातो आणि इंधन थांबतं. ती नळी कुठे चिरली असेल तर काका किल्ली काढतात, खिशात घालतात, दार लावतात आणि गाडी आपली चालूच. मग काका न बोलता परत येतात, बॉनेट उघडतात आणि पंपाजवळची एक दांडी दाबून तिला गप्प करतात. वीस वर्षांच्या सरावामुळे त्यांना यात काही वावगं वाटत नाही. तुम्हीही वाटल्याचं दाखवू नका. किंमत ठरवताना आठवा.

बॉनेट उघडायची वेळ आलीच आहे तर तेही बघून घ्या. ते पुरं उघडलं की सरळ नव्वद अंशात उभं राहतं, मिस्त्रीनं आत उतरून काम करावं म्हणून. जर्मन कारागिरांनी ही सोय केली तेव्हा त्यांच्या मनात नेमकं किती काम होतं, याचा विचार तिथे उभ्या उभ्या करू नका.

उंदरांबद्दल विचारा. ‘आमच्याकडे उंदीर नाहीत’ असं उत्तर येईल. एअर फिल्टरचं झाकण उघडून बघा.

यानंतर चहा येईल. चहा प्यायचा आहे, नाही म्हणायचं नाही. चहाबरोबर गाडीचा इतिहास येतो. १९९६ साली काकांच्या भागीदारांनी कशी फियाट घेतली आणि काकांनी कशी ही, महाबळेश्वरला जाताना पसरणीच्या घाटात कशी एकदाही तापली नाही, मुलगा अमेरिकेला निघाला तेव्हा सहारला हिच्यातूनच सोडलं. हे सगळं ऐका. त्यात माहितीही असते. ‘त्यानंतर फारशी काढलीच नाही’ हे वाक्य कुठल्या सालानंतर येतं तेवढं मनात टिपून ठेवा. पेट्रोल त्या सालचं आहे.

किमतीबद्दल नियम सोपा आहे. काका जी किंमत सांगतील ती गाडीची नाही, आठवणींची आहे. तुम्ही जी सांगाल ती दुरुस्तीचा खर्च वजा करून सांगाल आणि काकांना अपमान वाटेल. मधला आकडा काकू सांगतात. ‘अहो, देऊन टाका आता, तुळशीला ऊन मिळेल,’ या वाक्यावर लगेच बयाणा काढून टेबलावर ठेवा. आणि जेवढ्याला गाडी घेतली तेवढेच पैसे घरी वेगळ्या खात्यात ठेवा. ज्यांच्याकडे तेवढे नाहीत त्यांनी गाडी घेऊ नये, असं आम्ही म्हणणार होतो, पण तसं म्हटलं तर हा छंद उद्याच बंद पडेल.

कागदपत्रांचा भाग नीरस आहे, पण इथेच माणसं कायमची अडकतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून ती वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. उभ्या गाडीचं पासिंग कुणी करत नाही, तेव्हा ते थकलेलं असणारच, दंडासकट. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. मूळ मालक वारले असतील तर आधी ३१ नंबरचा, वारसाच्या नावानं. आणि जुनं कर्ज कागदावर अजून जिवंत असेल तर ३५ नंबरचा, जो त्या बँकेकडून सही होऊन यायचा असतो. ती बँक दरम्यान दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लागेल. तिची मुदत २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढत गेली.

दिल्लीची गाडी निम्म्या किमतीत दिसली तर कारण हेच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादानं २०१४-१५ मध्ये बंदी घातली, तेव्हापासून तिकडच्या सुंदर गाड्या स्वस्तात दक्षिणेकडे उतरतात. घ्यायला हरकत नाही, पण ना-हरकत दाखला हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका. काही आशावादी मंडळी म्हणतात, ‘आपण विंटेजमध्ये नोंदवू.’ जरूर. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची लागते. १९९५ ची गाडी २०४५ साली पात्र होईल. तोपर्यंत तुम्हीही व्हाल.

आता खरं काम. गाडी तुमची झाली, किल्ली हातात आहे, आणि काका म्हणतात, ‘बॅटरी लावा, लगेच लागते.’ शेजारचा मुलगा जंप केबल घेऊन उभाच आहे. इथे तुमचं चारित्र्य पणाला लागतं.

नाही म्हणा. ट्रेलर बोलवा आणि गाडी चारही चाकं उचलून घरी न्या.

कारण असं. टाकी ७० लिटरची आहे आणि तिच्या तळाला काही वर्षांपूर्वीचं पेट्रोल आहे. जुनं पेट्रोल आटतं, चिकट होतं आणि त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येतो. पंप ते ओढून पुढे ढकलतो आणि इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत ते बसतं. त्यापेक्षा टाकी उपसा, फिल्टर बदला, नळ्या बदला. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या रबराशी त्याचं पटत नाही. त्या जर्मन अभियंत्यांनी पुष्कळ गोष्टींचा विचार केला होता, पण कोल्हापूर-सांगलीच्या उसाचा नव्हता केला.

इंजिनाला हात लावायच्या आधी ब्रेक करा. सुरू न होणारी गाडी कुणाला धडकत नाही, न थांबणारी धडकते. ब्रेक ऑइल पाणी पितं, म्हणून सगळं काढून नवं. रबरी होज बाहेरून छान दिसतात आणि आतून सुजलेले असतात. ब्रेक दाबला जातो पण सुटत नाही आणि चाक धरून बसतं. कॅलिपरचे पिस्टन गंजून अडकलेले असतील. मिस्त्री हातोडी घेईल. घेऊ द्या, पण हलक्या हातानं मारायला सांगा.

मिस्त्री कुठला, हा प्रश्न इथे येतो. चकचकीत वर्कशॉपमधला टाय घातलेला मुलगा हातात लॅपटॉप घेऊन गाडीभोवती फेऱ्या मारेल आणि वायर कुठे खुपसायची ते शोधेल. त्याचा दोष नाही, तो या गाडीनंतर जन्मलाय. तुम्हाला हवा साठीकडे झुकलेला उस्ताद, जो इंजिनाच्या आवाजावरून बोलतो आणि ज्याच्या शेडमध्ये अशीच एक गाडी तीन वर्षं विटांवर उभी आहे. ती कुणाची आहे विचारू नका. तो मालकही एकदा तुमच्यासारखाच आला होता.

उस्तादाशी बोलताना ‘कधी होईल’ हा प्रश्न वर्ज्य. ‘चाचा, आज काय काय खोललं?’ असं विचारावं. खोलायचं काम रोज होतं, बसवायचं काम पार्ट आल्यावर. आणि पार्ट मागवायचा तो नंबरानं मागवा. मर्सिडीजचे नंबर दहा आकडी असतात, या गाडीच्या खास भागांचे १२४ ने सुरू होणारे, इंजिनाचे इंजिनाच्या क्रमांकानं. कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला फोन करून ‘समोरच्या चाकाचा तो गोल रबरी बुश’ म्हणालात तर दुप्पट किंमत. नंबर धडाधड म्हणालात तर दीडपट.

ई २२० घेतली असेल तर इंजिनाच्या वायरिंगकडे जपून बघा. त्या काळात मर्सिडीजनं तारांवर असं आवरण वापरलं जे पुढेमागे निसर्गात विरून जावं. निसर्गात जायची वाट न बघता ते इंजिनाच्या उष्णतेनंच विरायला लागलं. तारेला हलकेच वाकवलं की आवरणाचे कपचे गळतात आणि आत उघडं तांबं चमकतं. दोन उघड्या तारा एकमेकींना भेटल्या की गाडी मिसिंग मारते, मध्येच बंद पडते, आणि गावातला प्रत्येक माणूस तुम्हाला प्लग बदलायला सांगतो. प्लग बदलू नका. वायरिंग बदला. बऱ्याच १२४ मध्ये बॅटरीमागे एक चंदेरी डबी असते, डोक्यावर फ्यूज असलेली; विजेचा दाब वाढला तर यंत्रणा वाचवायचं तिचं काम. तिच्या आतले डाग तडकले की एबीएसचा दिवा पेटतो, आणि एबीएसचं महागडं युनिट बदलायचा सल्ला मिळतो. आधी डबी उघडून डाग बघा.

मग तो दिवस येतो. तेल आणि फिल्टर नवे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलेलं, रात्रभर मुरू दिलेलं. उस्ताद पाना लावून क्रँक हातानं फिरवतो. सावकाश, अंगठा पान्यावर, कान बॉनेटमध्ये. कुठे अडत नाही. तरीही किल्ली नाही. आधी इंधन तोडून नुसता सेल्फ मारायचा. वेगाच्या काट्याच्या डावीकडे तेलाच्या दाबाचा छोटा काटा आहे, शून्य ते तीन. चाचा सेल्फ मारतो, थांबतो, परत मारतो. काटा शून्यावर. पोरं मोबाइल काढून उभी. चाचा सेल्फला दम देतो, बिडी पेटवतो, विझवतो, कारण पेट्रोलची टाकी मागे उघडीच आहे. परत. काटा थरथरतो आणि शून्याची रेघ सोडतो. ‘चढला,’ चाचा म्हणतो. तेवढंच. आता प्लग बसवायचे आणि किल्ली फिरवायची.

ती लागेल. पहिल्याच झटक्याला नाही, पण लागेल. धूर निघेल, सिलिंडरमध्ये सोडलेलं तेल जळतंय तोवर. पांढरा धूर, निळा धूर, त्याचे अर्थ, हे सगळं त्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, ऐकून घ्या. काटा तीनवर जाऊन टेकेल आणि तिथेच चिकटून बसेल. तसाच बसायला हवा. गरम झाल्यावर नुसत्या इंजिनावर तो खाली येतो तेव्हा घाबरून फोन करू नका, ते बरोबर आहे. चाललात की परत वर जाईल.

यानंतर गाडी नीट होते असा समज आहे. यानंतर ती खरं तर मोडायला लागते. इतकी वर्षं कोरडी बसलेली सीलं आता गरम तेल पाहतात आणि गळतात. प्रोपेलर शाफ्टचे रबरी डिस्क चिरतात. काच वर जाते आणि खाली येत नाही. सेंट्रल लॉकिंग हवेच्या नळ्यांवर चालतं. एका दारातला पडदा फाटला की चारही दारं रुसतात आणि बंद गाडीत मागे कुठेतरी पंप घरघरत राहतो. शेजारच्या आजोबांना हा आवाज रात्री अकरानंतर विशेष स्पष्ट ऐकू येतो. या सगळ्याची यादी भिंतीवर लावा आणि एक एक खोडत जा. यादीची लांबी कमी होत नाही म्हणून निराश होऊ नका. तिचं हस्ताक्षर बदलत जातं, एवढं पुरे.

वायपर मात्र आधी करून घ्या, जूनच्या आत. या गाडीला एकच वायपर आहे, मोठा, मध्यभागी, आणि तो नुसता इकडून तिकडे जात नाही. जाता जाता कोपऱ्यांकडे लांब होतो आणि परत आखडतो, म्हणजे काचेचा जास्तीत जास्त भाग पुसला जावा. त्याच्या गिअरमधलं ग्रीस उभ्या गाडीत दगड होतं. मग पहिल्या पावसात, चांदणी चौकाच्या कोंडीत, तो अर्ध्यात अडकतो आणि कण्हतो. उघडून, जुनं ग्रीस खरवडून, नवं भरा. दोन तासांचं काम आहे. नीट झालेला तो वायपर पावसात चालताना बघणं हे या सबंध व्यवहारातलं एकमेव निखळ सुख आहे, असं आमचं मत आहे. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं की पैसे वसूल.

घरच्या मंडळींसाठी वेगळी काही युक्ती नाही. ‘गुंतवणूक आहे’ हे सांगू नका, त्यांना गणित येतं. हिशेबाची वही लिहावी, पण घरात ठेवू नये.

उरला तो सांभाळायचा भाग, आणि नवशिके चुकतात ते इथेच. गाडी नीट झाली की तिच्यावर तुम्हीही नवी ताडपत्री घालाल आणि रविवारी सकाळी पाच मिनिटं जागेवरच सुरू करून ठेवाल. कृपा करून हे करू नका. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, धुराड्यात पाणी साठतं, आणि ब्रेकला तर कळतच नाही की मालक आला होता. काढायची तर काढा. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर तरी, तापमानाचा काटा ऐंशीच्या पुढे जाऊन स्थिर होईपर्यंत. कात्रजचा घाट चढा, उतरा. एसी थंडीतही लावा, सीलं ओली राहतात. भाजी आणायला न्या. मंडईत पार्किंग मिळणार नाही, तर पुढच्या चौकात ठेवा आणि चाला.

आणि पुतण्याच्या लग्नात वरातीला गाडी मागतील तेव्हा नाही म्हणू नका. तेवढेच साठ-सत्तर किलोमीटर पडतील. फुलवाल्याला बजावा की चिकटपट्टी रंगावर लावायची नाही, हार बंपरला आणि आरशांना बांधायचे. बॉनेटवरच्या ताऱ्यापाशी एक विश्वासू मामा उभा करा, वऱ्हाडातली मुलं तो फिरवून बघतात आणि एखादा फिरवून खिशातही घालतो. वरातीत गाडी बँडच्या मागे पायी चालीनं अर्धा तास रांगणार, तेव्हा पंखा आणि रेडिएटर आदल्या दिवशी तपासून घ्या. उस्तादाला रीतसर पत्रिका पाठवा, नावानिशी, सहकुटुंब. तो सफारी घालून येईल, पहिल्या पंगतीला बसेल, आणि पान्यांची पिशवी त्याच्या बायकोच्या पर्सशेजारी ठेवलेली असेल.